नावं ठेवलेलं गाव

पुंता आमार्गा. म्हणजे कडू टोक.
पहिल्या कुणा खलाशाने नाव ठेवलं,
मग साऱ्या किनाऱ्याने नावं ठेवली.

वळणाआधी ड्रायव्हर ओरडला, "खिडक्या!"
पटापट सरकल्या काचा, रुमाल निघाले,
एका पोराने गाल फुगवून श्वास कोंडला,
आईने त्याला शाबासकी दिली.
"इथे उतरताय?" शेजाऱ्याने विचारलं,
जसं कुणी विचारावं, रिपोर्ट कसे आले.
मासळीचं पीठ करतात तिथे, तो म्हणाला,
कपड्यांतून वास जात नाही, ठरलेली लग्नं मोडतात.

उतरलो. अक्षरशः नाक मुठीत धरून.

मागे वाळवंट, पुढे पॅसिफिक,
मधल्या चिंचोळ्या पट्टीवर पत्र्याची घरं,
एक हळदी, एक शेवाळी,
एकाचा रंग अर्ध्या भिंतीवरच संपलेला.
धुकं इतकं खाली, की पेलिकन पायी चालत होते.
आणि वास होता. शपथेवर सांगतो, होता.
खारट, जळका, घशाशी येणारा.

एदेल्मिराबाईंकडे खोली मिळाली.
किल्लीला जाळ्याचा तरंगा बांधलेला.
"पाण्यात पडली तरी परत येते," त्या म्हणाल्या,
"गिऱ्हाईक येत नाही."
दोरीवरच्या चादरी पाहून मी अदबीने विचारलं,
वारा कधी फिरतो? म्हणजे, तो वास…
चिमटे काढता काढता बाई थांबल्या.
"कारखाना बंद होऊन अकरा वर्षं झाली, बाबा."

मी पुन्हा श्वास घेतला.
मीठ. साबण. कुठेतरी कांदा परतत होता.
बाकीचं मी बसमधून सोबत आणलं होतं.

दुपारी धुकं उचललं,
तेव्हा दिसली दोन किलोमीटर वाळू,
तिच्यावर मोजून सात जण, त्यातला एक कुत्रा.
कारखान्याचा काळा पाइप अजून समुद्रात शिरतो,
मुलं त्याच्यावर धावत जातात आणि टोकावरून उड्या टाकतात.
धक्क्याच्या पायऱ्यांवर पसरलेला समुद्रसिंह,
त्याला सगळे नगराध्यक्ष म्हणतात:
हलत नाही, काम करत नाही,
पहिला मासा मात्र त्याचा.

निबाल्दो. तीस वर्षं पाणबुड्या, डावा कान त्यातच गेला.
सुरीने काटेरी गोळा फोडून पुढे करतो,
आत पाच नारिंगी जिभा, वर लिंबू.
थंड. लोखंडी. गिळावं की थुंकावं,
आणि मग, खूप उशिरा, गोड.
मी काय विचारलं ते त्याला ऐकू गेलं नसावं.
"वास होता तेव्हा पगार होता," तो म्हणाला.
"शुक्रवारी इथे अकॉर्डियन वाजायचं.
अजून कधी पहाटे तो वास येऊन जाग येते.
उठून बसतो. बूट शोधतो."
नंतर बराच वेळ आम्ही नुसती टरफलं
पाण्यात टाकत राहिलो.

एका रात्रीसाठी आलो होतो, चार राहिलो.
शेवटच्या रात्री बाईंनी मुलीचा फोटो दाखवला,
सांतियागोत लोकांचे दात नीट करते.
सहा वर्षांत आली नाही.
"फोनवर म्हणते, आई, मला त्या वासाने दमा उठतो.
मी हो म्हणते.
तेवढं एक कारण असू दे तिच्यापाशी."
आणि ताटातला पाव माझ्याकडे सरकवला.

परतीच्या बसमध्ये खिडक्या आधीच बंद होत्या.
मी माझी उघडायला गेलो, तर पुढच्या आजीबाईंनी
मागे न बघताच ती लावून टाकली.

आंतोफागास्ताच्या हॉटेलात काउंटरवरच्या मुलीने
फॉर्मवर वाचलं, कुठून आलात.
हसली, फार सभ्यपणे,
आणि पाठीमागची खिडकी
बोटभर उघडली.